मदत हवी आहे: जुना पितळी टेबल फॅन कुठल्या मेकचा?

मंडळी, मुंबईच्या चोरबाजारातून एक जुना टेबल फॅन घेतलाय. बिडाचा जडशीळ बेस, पितळेची चार पाती, जाळीही पितळीच. मेकची पट्टी मात्र कुणीतरी हिरव्या ऑइल पेंटखाली गाडून टाकली आहे. विकणारा छातीठोकपणे 'इंग्लंडची जी.ई.सी.' म्हणत होता, पण तो शेजारच्या तिन्ही पंख्यांनाही तेच म्हणत होता! मला मोटरच्या घडणीवरून इटलीचा मारेली वाटतो.

मागचं झाकण उघडल्यावर कॉम्युटेटर (फिरत्या भागावरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) आणि त्यावर घासणारे कार्बन ब्रश दिसले. म्हणजे बहुधा डीसीचा, एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर चालणारा. पण जुन्या काही एसी पंख्यांतही ब्रश असायचे, म्हणून फील्डचा गाभा (स्थिर गुंडाळ्यांमधला लोखंडी भाग) पाहिला. एसीच्या मोटरमध्ये तो पातळ पत्र्यांच्या थरांचा असतो; इथे थर दिसत नाहीत, अखंड वाटतो. त्यामुळे घरच्या २३० व्होल्ट एसीला अजून जोडलेला नाही. वायरवरचं सुती आवरणही हात लावला की झडतंय.

पट्टीवरचा रंग पेंट रिमूव्हरने काढू का, की खालची अक्षरंही जातील? पट्टी न वाचता मेक ओळखायची दुसरी खूण कोणती? बेसखाली किंवा पात्यांच्या मागे नंबर असतो का? आणि डीसी आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) नीट तपासणारा मुंबई-पुण्यातला जुना वाइंडर, म्हणजे मोटरच्या गुंडाळ्या भरणारा कारागीर, कुणाला माहीत असेल तर नक्की सांगा. पितळ घासून चकचकीत करा, हा सल्ला मात्र नको.