‘खरं प्रेम’ सिद्ध होतं, शाबीत होतं की नुसतं ठरतं?

मधली सुट्टी:
आम्हा मैत्रिणींचं ‘वन्स अपॉन अ टाइम’ पुन्हा पहिल्यापासून बघणं चाललंय (एबीसी या अमेरिकन वाहिनीची मालिका, 2011 ते 2018, 7 सीझन; परीकथांतली पात्रं शापामुळे आजच्या एका गावात अडकलेली). प्रत्येक भागानंतर मी मराठीत चार ओळींचा गोषवारा टाकते. पाचव्या सीझनपाशी गाडी अडली. मी लिहिलं, ‘एमा आणि हुकचं खरं प्रेम सिद्ध झालं.’ (एमा नायिका, हुक समुद्री चाचा.) लगेच दोन तट पडले. एकीचं म्हणणं, पाताळात तराजूवर सिद्ध झालं, विषय संपला. दुसरीचं, लेखकांनी दार उघडलं म्हणून काय झालं, त्या हुकनं आधी काय काय उद्योग केलेत ते विसरलीस का! भांडण प्रेमाचं आहे की शब्दाचं तेच कळेना. ‘ट्रू लव्ह’ला ‘खरं प्रेम’ बरोबर आहे का? आणि क्रियापद कोणतं?

कोकम सरबत:
‘खरं प्रेम’च. ‘सच्चं प्रेम’ नको, त्याला हिंदी सिनेमाचा वास येतो. मराठीत माणूस सच्चा असतो, कार्यकर्ता सच्चा असतो. ‘निस्सीम’ने प्रेम किती ते कळतं, खरं की खोटं ते नाही. ‘सिद्ध’ चालेल. ‘साबित’ कृपया नको.

रिकामा तास:
‘साबित’ नको, पण ‘शाबीत’ कधीच मराठी झालाय. गुन्हा शाबीत होतो. फक्त प्रेम शाबीत झालं म्हटलं की पुढे शिक्षा काय ते विचारावंसं वाटतं.

तळटीप:
क्रियापद नंतर. आधी त्या मालिकेत ‘ट्रू लव्ह’ कशाकशाला म्हणतात ते बघा. पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात (मे 2012) अख्ख्या गावावरचा शाप उतरतो तो कशानं? एमाचा मुलगा हेन्री दवाखान्यात दगावला असं सांगून झालेलं असतं आणि एमा त्याच्या कपाळावर ओठ टेकवते. आई आणि मुलगा. तिथे प्रियकर नाहीच. तिसऱ्या सीझनमध्ये दुष्ट राणी रेजिनाही हेन्रीच्या कपाळाचाच मुका घेते आणि पुन्हा शाप उतरतो. तिने तर त्याला दत्तक घेतलेलं.

आता सांगा, मराठीत ‘तिचं मुलावर खरं प्रेम आहे’ असं आपण कधी म्हणतो? म्हटलं तर आधी कोणीतरी शंका घेतली असणार. आईची माया असते, जीव असतो. फार तर ‘निर्व्याज प्रेम’. (जाता जाता: यातला व्याज बँकेतला नव्हे. संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा, कपट. ‘निर्व्याज कर्ज’ लिहिणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) म्हणजे मालिकेतला शब्द आई-मुलापासून चाच्यापर्यंत सगळ्यांना पुरतो आणि आपला ‘खरं प्रेम’ बहुधा प्रेमी जोडप्यापाशीच थांबतो.

दुसरं म्हणजे चुंबन. त्याला आपल्याकडे बिनतोड शब्द आहे, उःशाप. शाप दिला की सुटकेची अटही सांगून ठेवायची, ही पुराणांची रीतच. अहल्येची शिळा पायाच्या स्पर्शानं सजीव झाली, तिथे काही सिद्ध झालं असं आपण म्हणत नाही. अट पुरी झाली, शाप उतरला.

हुकविरोधक एक प्रसंग हमखास काढतात. तिसऱ्या सीझनच्या मध्यावर हुक न्यूयॉर्कमध्ये एमाच्या दारात उभा राहतो, तिला काही आठवावं म्हणून चुंबन घेतो, आठवत काहीच नाही, उलट मार खातो. ‘बघा, खरं प्रेम नव्हतंच!’ पण पहिल्या सीझनमध्ये स्नो व्हाइट विसरण्याचं औषध पिते तेव्हा तिच्या राजकुमाराचं, चार्मिंगचं चुंबनही फुकट गेलंच होतं. जिला समोरचा माणूस कोण तेच ठाऊक नाही, तिच्याकडून कसलं प्रेम? पुढे स्नोनं राणीवर, म्हणजे रेजिनावर, सोडलेला बाण चार्मिंग स्वतःच्या अंगावर घेतो, स्नोचं मन हलतं आणि मग तेच चुंबन लागू पडतं. फसलेल्या चुंबनावरून ‘प्रेम नाही’ असा निकाल लावणं गैर. अट अपुरी होती, एवढंच.

मधली सुट्टी:
‘उःशाप’ पळवला! पण तराजूचं काय? तिथे कोणावर शाप नव्हता. अमृतफळापाशी जायचं तर दारातल्या तराजूत हृदय ठेवायचं, खऱ्या प्रेमाचं असेल तरच वाट मिळते. एमा ठेवते. तेवढ्यात हुक ज्वाळांनी वेढला जातो. ती हृदय तिथेच टाकून त्याच्याकडे धावते, आग विझते, दार उघडतं. (आत झाड आधीच तोडलेलं निघतं ती गोष्ट वेगळी.)

पाचवा कोपरा:
अहो, हे तर दिव्य आहे! आज आपण ‘सकाळची लोकल पकडणं म्हणजे दिव्यच’ म्हणतो, पण मूळ अर्थ न्यायनिवाड्यातला. साक्षी-पुरावा नसेल तर दिव्य करायचं. याज्ञवल्क्य स्मृतीत पाच सांगितलीत: तुला (तराजू), अग्नी, जल, विष, कोश (देवाचं तीर्थ पिणं). एमाच्या वाट्याला एका दमात तुला आणि अग्नी दोन्ही आलेत. आपल्याकडे वतनाच्या तंट्यांत रवादिव्य चालायचं. उकळत्या तेलातून हातानं धातूचा तुकडा काढायचा, मग हातावर पिशवी बांधून मोहर करायची आणि ठरल्या दिवशी पंचांसमोर ती सोडून हात पाहायचा. हात निर्दोष तर माणूस खरा, पोळला तर खोटा.

यातला ‘खरा’ लक्षात घ्या. त्याचा स्वभाव चांगला, मन निर्मळ, असं काही नाही. त्या एका दाव्यापुरता खरा. तुमच्या गटातल्या दोघीही बरोबर आहेत. एकीला दाव्याचा निकाल हवाय, दुसरीला माणसाची पारख. म्हणून ‘सिद्ध’ नको, त्यात गणिताचा शेवट आहे. ‘खरं ठरलं’ म्हणा. ठरलेलं पुन्हा वादात येऊ शकतं. सीतेनं अग्निदिव्य केलं तरी लोक बोलायचे थांबले नाहीत.

कोकम सरबत:
सीतेचा दाखला हुकच्या बाजूनं! एवढ्यावर मी थांबते.

तळटीप:
दाखला लोकांच्या तोंडाबद्दल आहे, हुकबद्दल नव्हे. पण पाचवा कोपरा यांच्या मुद्द्याला मालिकेतूनच पुरावा आहे आणि तो चाहते सोयीनं गाळतात. पाताळाचा देव हेडीझ, त्याचं हृदय त्याचा भाऊ झ्यूसनं थांबवलेलं, खऱ्या प्रेमाच्या चुंबनाशिवाय ते चालू होणार नाही. रेजिनाची बहीण झेलिना चुंबन घेते आणि ते धडधडायला लागतं. मालिकेच्या नियमानं शंभर टक्के ट्रू लव्ह. आणि नंतर? हाच हेडीझ रेजिनाला मारायला जातो, त्यात तिच्या प्रियकराचा, रॉबिन हूडचा जीव घेतो, आणि झेलिना त्याच हत्यारानं त्याला संपवते. चुंबन लागू पडलं म्हणून प्रेम पुढे टिकेल किंवा माणूस सुधारेल, अशी हमी त्या जगातही नाही. हुकच्या बाजूनं बोलायचं तर तराजू सोडा. तो पुढे कसा वागला ते मांडा. मला स्वतःला तो पटतो, पण वागण्यावरून, दारावरून नाही.

रिकामा तास:
म्हणजे प्रेम ‘पटतं’. मुलगी पटवतात तसं नव्हे, मुद्दा पटतो तसं.

मधली सुट्टी:
मग असं लिहू का: ‘तराजूच्या दिव्यात एमाचं प्रेम खरं ठरलं, हुकचं आम्हाला अजून पटायचंय.’ दोन्ही तट गप्प बसावेत. आणि चुंबन आलं की दर वेळी ‘उःशाप’. आता शेवटचं. रेजिना आणि रॉबिनला मालिका ‘ट्रू लव्ह’ न म्हणता ‘सोलमेट’ म्हणते. टिंकर बेलची परीधूळ रेजिनाला एका गुत्त्याच्या दारापर्यंत नेते. आत हातावर सिंह गोंदलेला माणूस बसलाय, तोच तिचा. ‘आत्मसाथी’ लिहायला हात धजत नाही.

पाचवा कोपरा:
‘आत्मसाथी’ पाटीवरचा शब्द वाटतो, नकोच. ‘ऋणानुबंध’ जवळचा, पण तो शेजाऱ्याशीही असतो. ‘गाठ बांधलेली’ म्हणा: त्याच्याशी तिची गाठ बांधलेली होती.

कोकम सरबत:
पण ती तर दारातूनच पळाली ना? गाठ होती, योग नव्हता. तेवढंच लिहा.