भूत रेखाटलेलेच अधिक खरे वाटते का?

मूळ मत

भूतकथा पडद्यावर आणायची असेल, तर अभिनेत्यांच्या चित्रपटापेक्षा ॲनिमेशनपट हेच तिचे योग्य घर आहे, असे माझे मत गेल्या काही वर्षांत पक्के होत गेले आहे. अभिनेत्यांच्या चित्रपटात माणूस हाडामांसाचा असतो आणि भूत मात्र रंगभूषेने किंवा संगणकाने उभे केलेले असते, त्यामुळे भूत दिसेपर्यंत आपण जीव मुठीत धरून बसतो आणि ते दिसले की आपली नजर नकळत त्याची शिवण शोधू लागते. रेखाटलेल्या चित्रपटात अशी शिवण नसतेच, कारण मुलगी, घर, पाऊस आणि भूत ही सारी एकाच हाताने काढलेली असतात.

हायाओ मियाझाकी यांचा 2001 सालचा ‘स्पिरिटेड अवे’ पाहा. तिन्हीसांजेला ओस पडलेल्या गल्लीत एकेक दिवा लागतो, तेथल्या स्नानगृहात येणाऱ्या पाहुण्यांच्या सावल्यांसारख्या आकृत्या हलू लागतात, आईवडिलांची डुकरे झालेली पाहून पळत सुटलेल्या चिहिरो या मुलीला आपलाच हात आरपार दिसू लागतो, आणि नाहीसे होऊ नये म्हणून तिला त्या परक्या जगातले काहीतरी खावे लागते. तेथे भूत होण्याची वेळ जिवंत मुलीवर येते, आणि पाहणाऱ्याला त्यात क्षणभरही करामत दिसत नाही. पुढे पाण्यावरून धावणाऱ्या आगगाडीत अर्धपारदर्शक, चेहरे नसलेले प्रवासी मुकाट बसलेले असतात आणि आपापल्या स्थानकावर उतरून जातात. त्यांच्याविषयी कोणीही एक शब्द बोलत नाही. मृतांचे इतके शांत आणि इतके अस्वस्थ करणारे दर्शन मला कोणत्याही भयपटात घडलेले नाही.

पहिला प्रतिसाद

आपल्या मांडणीतील उत्कटता पोहोचली, परंतु तिच्या मुळाशी दोन गोष्टींची गल्लत झाली आहे असे मला वाटते. पहिली म्हणजे, त्या स्नानगृहात येणारे पाहुणे भुते नव्हेत. जपानी लोकश्रद्धेतील नदीचे, मुळ्याचे असे ते देव आहेत, आणि देवाचे अद्भुत हे भुताच्या भयाहून वेगळ्या रसाचे असते. आगगाडीतले प्रवासी मृत आहेत, असेही चित्रपट कोठे सांगत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. भूतकथेचा सारा भार ‘हे खरोखर दिसले का?’ या प्रश्नावर असतो, आणि हा प्रश्न कॅमेऱ्यासमोरच टोकदार होतो, कारण कॅमेरा हा साक्षीदार आहे. जॅक क्लेटन यांच्या 1961 सालच्या ‘द इनोसंट्स’ या कृष्णधवल चित्रपटात तळ्याच्या पलीकडे, दिवसाढवळ्या, लव्हाळ्यांत काळ्या वस्त्रांतील एक स्त्री नुसती उभी असते. ती धावून येत नाही, किंचाळत नाही. मुलांना सांभाळणाऱ्या शिक्षिकेला, म्हणजे डेबोरा कर यांच्या पात्राला, ती दिसते; शेजारच्या लहान मुलीला दिसते की नाही हे आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. ते तळे खरे, ते लव्हाळे खरे, म्हणूनच त्यांत उभी असलेली ती बाई अंगावर काटा आणते. हेच दृश्य रेखाटले असते तर लव्हाळेही कल्पित झाले असते, आणि जेथे सारेच कल्पित आहे तेथे संशयाला पाय रोवायला जागा कोठे उरणार?

दुसरा प्रतिसाद

वरील दोन्ही मतांत ‘रेखाटलेले’ आणि ‘खरे’ यांच्यामध्ये जी भिंत गृहीत धरली आहे ती मला मान्य नाही. मासाकी कोबायाशी यांच्या ‘क्वाइदान’ या चित्रपटाला 1965 साली कान महोत्सवात परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. लाफ्काडिओ हर्न यांनी लिहिलेल्या जपानी भूतकथांपैकी चार त्यात आहेत. त्यातील हिमस्त्रीच्या कथेत अभिनेते खरे आहेत, पण त्यांच्या डोक्यावरचे आकाश रंगवलेले आहे, आणि त्या आकाशात चक्क डोळे काढलेले आहेत. लाकूडतोड्या बर्फात वाट चुकतो तेव्हा ते प्रचंड डोळे त्याच्याकडे पाहत असतात. पडदा रंगवलेला आहे हे आपल्याला स्पष्ट दिसते, तो लपवण्याचा प्रयत्नही कोणी केलेला नाही, आणि तरीही थंडी वाजते. मग पहिल्या प्रतिसादातील साक्षीदाराचे काय झाले?

उलट बाजूने हेन्री सेलिक यांचा 2009 सालचा ‘कोरलाइन’ घ्या. तो ॲनिमेशनपट आहे, पण त्यात पेन्सिलीची रेघ नाही. प्रत्यक्ष बाहुल्या किंचित किंचित हलवून चौकटीमागून चौकट टिपलेली आहे, आणि त्या बाहुल्यांचे चिमुकले स्वेटर तारेसारख्या बारीक सुयांवर खरोखर विणलेले आहेत. दाराआडच्या दुसऱ्या जगातली, आईसारखीच दिसणारी ‘दुसरी आई’ कोरलाइन या मुलीपुढे बटणे, सुई आणि दोरा ठेवते आणि डोळ्यांच्या जागी बटणे शिवून घ्यायला सांगते, तेव्हा भय वाटते ते त्या सुईला वजन आहे म्हणून. तिने आधी भुलवलेल्या तीन मुलांची भुतेही बटणांचेच डोळे घेऊन आरशामागच्या अंधारात बसलेली असतात. पहिल्या प्रतिसादकर्त्यांनी मागितलेला कॅमेरा येथे आहे, मूळ मतातली एकजिनसी सृष्टीही आहे.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

देव आणि भूत यांतील फरकाचा आक्षेप मी मान्य करतो. स्नानगृहाचे उदाहरण मी सैलपणे वापरले. आगगाडीचे मात्र मागे घेत नाही, कारण ते प्रवासी कोण आहेत हे न सांगणे हाच तुमच्या लव्हाळ्यातल्या बाईचा गुण त्यांच्यातही आहे.

साक्षीदार कॅमेऱ्याविषयी एक विचारतो. हिदेओ नाकाता यांच्या 1998 सालच्या ‘रिंगू’मध्ये सादाको हे भूत ज्या विचित्र चालीने येते, ती अभिनेत्रीला उलटे चालायला लावून आणि मग ते चित्रीकरण उलटे फिरवून मिळवलेली आहे. म्हणजे भूत खरे वाटावे म्हणून कॅमेऱ्यालाही खोटी साक्ष द्यावी लागली. चौकटी हव्या त्या क्रमाने लावून हालचाल घडवणे हे तर ॲनिमेशनचेच काम झाले.

पहिल्या प्रतिसादकर्त्यांचे उत्तर

चाल उलटी फिरवली हे खरे, पण फिरवायला आधी एका जिवंत देहाची चाल होती. सादाकोची ती मोडकी लय कोणत्याही चित्रकाराला सुचण्यापूर्वी एका अभिनेत्रीच्या गुडघ्यांत आणि खांद्यांत होती. ‘कोरलाइन’ची सुई मी आनंदाने स्वीकारतो, कारण ती माझीच बाजू मांडते. ‘क्वाइदान’च्या रंगवलेल्या डोळ्यांचे उत्तर मात्र आज माझ्यापाशी नाही, आणि तो चित्रपट मी या आठवड्यात पुन्हा, त्या आकाशाकडे लक्ष ठेवून, पाहणार आहे.