ठरलेलं ताट, ठरलेले कपडे: दोन्ही सवयींचं मूळ एकच असतं का?

खिडकीपाशी (प्रश्न)

रोज ठरलेलंच खाणारी माणसं बरेचदा एकाच धाटणीचे, एकाच रंगाचे कपडे घालतात. ज्यांना ताटात दर वेळी काहीतरी वेगळं लागतं, त्यांचं कपाटही रंगीबेरंगी असतं. पण अपवादही भरपूर दिसतात: कपड्यांत धीट आणि खाण्यात अगदी ठरावीक, किंवा याच्या उलट. मग या दोन सवयींचा खरंच काही संबंध आहे का? असेल तर एखाद्याच्या बाबतीत तो नेमका कुठला, हे कसं ओळखायचं? आणि एकीकडे बदल केला तर दुसरीकडे त्याचा उपयोग होतो का? किस्से नकोत, करून पाहता येईल अशी पद्धत हवी आहे.

मोजूनमापून

संबंध असतो, पण तो बाहेरून दिसत नाही. "रोज तेच" या एकाच वागण्यामागे किमान तीन वेगळी कारणं असू शकतात, आणि कारण जुळलं तरच खाणं आणि कपडे जोडीनं चालतात.

पहिलं कारण संवेदनेचं. जीभ किंवा त्वचा जास्त संवेदनशील असली की ठरावीक पोतच सहन होतात. यात नाटक नसतं. 1931 साली आर्थर फॉक्स या रसायनतज्ज्ञाच्या लक्षात आलं की पीटीसी नावाची पूड काहींना कडूजहर लागते आणि काहींना तिची चवच लागत नाही. पुढे हा फरक बऱ्याच अंशी आनुवंशिक असल्याचं सिद्ध झालं. एकच घास दोघांच्या तोंडात दोन वेगळे पदार्थ असू शकतो.

दुसरं कारण निर्णय वाचवण्याचं. अशा माणसाला नवीन काही चालतं, फक्त सकाळी त्यावर विचार करायचा नसतो.

तिसरं नव्याची धास्ती. खाण्यातल्या धास्तीसाठी पॅट्रिशिया प्लायनर आणि कॅरेन हॉब्डेन या मानसशास्त्रज्ञांनी 1992 साली दहा विधानांची मोजपट्टी तयार केली, ती आजही वापरतात.

ओळखायचं कसं? चौदा दिवस एक वही ठेवा. डाव्या पानावर खाणं, उजव्या पानावर कपडे. रोज दोन्हीकडे एकेकच नोंद: आज काय नाकारलं आणि का. काय घेतलं ते लिहू नका, त्यातून फारसं कळत नाही. कारण एका शब्दात लिहा: चिकट, टोचतं, वेळ नाही, लोक काय म्हणतील, माहीत नाही कसं लागेल. दोन आठवड्यांनी शब्द मोजा. पोताचे शब्द दोन्ही पानांवर जास्त असतील तर मूळ संवेदनेत आहे. "वेळ नाही" जास्त असेल तर निर्णयाचा थकवा. "माहीत नाही" भरपूर आलं तर धास्ती.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे नोंद रात्री आठवून करणं. तोवर मन कारणाला सभ्य रूप देतं, आणि "टोचतं"चं "आवडत नाही" होऊन बसतं. नाकारल्या क्षणीच लिहा.

काजेबटण

वरच्या वर्गीकरणाशी सहमत आहे, पण संवेदनेच्या बाबतीत जीभ आणि त्वचा एका मापानं मोजू नयेत.

चव सरकते. मीठ कमी केलं की पहिले काही आठवडे जेवण सपक लागतं, पण दोन-तीन महिने टिकवलं की तेच प्रमाण पुरेसं वाटतं. त्वचेला स्थिर दाबाची सवय तर काही मिनिटांतच होते, म्हणून अंगावरचा शर्ट आपण विसरून जातो. पण टोचण्याची सवय सहसा होत नाही, कारण तो स्पर्शाचा नव्हे तर वेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंचा मामला असतो. साधारण 30 मायक्रॉनपेक्षा जाड तंतूचं टोक वाकत नाही, त्वचेत रुततं. लोकरीच्या कापडात असे जाड तंतू शंभरात पाचाच्या आसपास गेले की बहुतेकांना ते खुपतं. म्हणून "घालत राहा, होईल सवय" हा सल्ला खाण्यात कधी कधी योग्य ठरतो, टोचणाऱ्या कापडाला मुळीच लागू नाही.

कपडा नाकारण्याआधी एवढं करून बघा. नव्या कापडावर खळ किंवा फिनिश असतं. दोनदा धुऊन मगच मत बनवा. हातावर घासून अंदाज घेऊ नका, तळव्याची कातडी जाड असते. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा मानेवर कापड धरून पाच मिनिटं हालचाल करा. नुसतं धरून ठेवलं तर काहीच कळणार नाही. मागचं लेबल कात्रीनं कापलं की उरलेली कड आणखी बोचते. त्याचे टाके एकेक उसवून ते मुळासकट काढा. सगळं करूनही खुपत असेल तर दोष शिवणीचा आहे का बघा. कपडा उलटा करून घाला: त्रास थांबला तर कापड ठीक आहे, आतली शिवण जाड आहे.

खाण्यातही हीच परीक्षा होते. पदार्थ नकोसा वाटला तर तोच बारीक वाटून द्या. वाटल्यावर चालला तर अडचण पोताची होती, चवीची नव्हे.

खिडकीपाशी

समजा मूळ धास्तीत निघालं. मग नवीन गोष्ट किती वेळा करून पाहायची? आणि सुरुवात ताटापासून करावी की कपाटापासून?

पाचवी घडी

सुरुवात ताटापासून. घास लहान करता येतो, कपडा अर्धा घालता येत नाही. शिवाय चुकलेला घास कोणाला दिसत नाही, चुकलेला कपडा दिवसभर चारचौघांत मिरवावा लागतो. खाणं आपल्या रुचीचं आणि ल्याणं लोकांच्या रुचीचं, असं म्हणतात ते याच अर्थानं. कपड्यांत धीट आणि ताटात ठरावीक असे जे अपवाद तुम्ही म्हणता, त्यांचा उलगडाही बहुतेक वेळा इथेच होतो: कपडा लोकांसाठी निवडलेला असतो, घास स्वतःसाठी.

पद्धत एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला. ओळखीचा पदार्थ, ओळखीचा पोत, फक्त मसाला नवा. तो चालला की तोच मसाला ठेवून पोत बदला. कपड्यांत आधी तेच कापड आणि तोच बेत (म्हणजे कपड्याची धाटणी), रंग वेगळा. मग तो रंग ठेवून बेत वेगळा. कापड सगळ्यात शेवटी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि नकार आला, तर कशाला आला ते कळत नाही आणि दोन्ही कायमच्या बाद होतात. लोक बहुधा इथेच फसतात.

मुलांच्या बाबतीत नवी चव रुळायला आठ-दहा, कधी पंधरा वेळा चाखावी लागते. मोठ्यांनीही पहिल्या दोन-तीन वेळांवर निकाल देऊ नये. नुसत्या पुनःपुन्हा भेटीनं पसंती वाढते हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी 1968 साली मांडलं, मात्र पहिलाच अनुभव वाईट असेल तर पुनरावृत्तीनं तिटकारा वाढूही शकतो. म्हणून जबरदस्ती नको. एक चमचा पुरे. कपडा असेल तर आधी घरी तासभर, मग थोड्या वेळासाठी बाहेर, नंतर पूर्ण दिवस.

खरेदीबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. 1990 साली ग्राहकांच्या निवडीचे अभ्यासक इटामार सायमनसन यांनी विद्यार्थ्यांना तीन आठवड्यांचा खाऊ एकदम निवडायला सांगितला, तेव्हा त्यांनी दर आठवड्याला निवडणाऱ्यांपेक्षा जास्त वेगवेगळे प्रकार घेतले. एकदम निवडताना माणूस पुढच्या कंटाळ्याचा अंदाज जास्तच धरतो. न संपणारे डबे आणि न घातलेले रंगीत कपडे यांची जातकुळी एकच आहे. उपाय सोपा आहे: नवीन गोष्ट एका खेपेला एकच, आणि ती तीनदा वापरल्याशिवाय दुसरी नाही.

मोजूनमापून

एक पुरवणी. ज्यांचं मूळ "वेळ नाही" हे निघालं, त्यांनी वरचं काहीही करू नये. त्यांची एकसारखी निवड हा दोष नाही, सोय आहे. त्यांनी फक्त ताटात पोषणाची फट राहत नाही ना ते बघावं, कारण कपडे रोज एकसारखे असले तरी शरीराचं काही अडत नाही, जेवणाचं तसं नाही. ठरलेल्या जेवणाचा साचा ठेवा आणि त्यातली भाजी व डाळ तेवढी आठवड्याच्या वारांना वाटून टाका. निर्णय एकदाच होतो, ताट मात्र बदलत राहतं.

काजेबटण

आणि कमरेचं माप पोटभर जेवून, बसून घ्या. उपाशीपोटी उभ्यानं घेतलेल्या मापाचा पट्टा जेवल्यावर काचतो, पोटावर दाब येऊन आंबट वर येतं, आणि दोष मात्र जेवणाला लागतो. वहीत "जड पडलं" असं वारंवार येत असेल तर तेवढ्यापुरता त्या दिवशी घातलेला कपडाही उजव्या पानावर लिहून बघा.