सल्ला हवा: वॉशिंग्टनचं गो-गो ऐकायला सुरुवात कुठून करू?

निळी_सायकल
नमस्कार मंडळी. नोकरीसाठी यंदा मेरीलँडला आलोय. इथे सिग्नलला थांबलेल्या गाड्यांतून, दुकानांबाहेरच्या स्पीकरवरून एकच ठेका सारखा कानावर येतो. ऑफिसातल्या एकाने सांगितलं, हे गो-गो, वॉशिंग्टन डीसीचा स्वतःचा फंक, म्हणजे ठेक्यावर चालणारं नाचाचं संगीत. जेम्स ब्राऊन, पार्लमेंट बँड ही फंकवाली मंडळी मी भरपूर ऐकली आहेत, थोडाफार तबला वाजवतो. पण अ‍ॅपवर गो-गो शोधून लावलं की गाणं चार मिनिटांत संपतं आणि रस्त्यावर ऐकताना जे अंगात भिनतं ते त्यात सापडत नाही. काय ऐकू? आणि हा ठेका आला कुठून?

उंबरठा
चार मिनिटांची गाणी ऐकताय, तिथेच गाडी अडली आहे. गो-गो हे समोर नाचणाऱ्या लोकांसाठीचं संगीत. लाइव्ह रेकॉर्डिंग लावा आणि निदान अर्धा तास थांबवू नका.

मूळ पुरुष चक ब्राऊन. तरुणपणी लॉर्टनच्या तुरुंगात होता, तिथे सिगारेटच्या बदल्यात गिटार मिळवली आणि वाजवायला शिकला. सुटल्यावर साठच्या दशकात लॉस लॅटिनोस या बँडमध्ये होता. काँगा (हाताने वाजवायचे उंच ढोल) आणि बाकीच्या लॅटिन तालवाद्यांची गोडी तिथली. पुढे स्वतःचा बँड काढला, सोल सर्चर्स. सत्तरच्या दशकात डिस्कोची लाट आली. क्लबवाल्यांना अख्ख्या बँडपेक्षा एक डीजे स्वस्त, शिवाय त्याच्या गाण्यांत खंड नाही. बँडचं मात्र गाणं संपलं की लोक टेबलाकडे परत जायचे. चकने ही मधली फटच बुजवली. गाणं संपलं तरी ड्रम आणि काँगा चालूच. त्यावर तो लोकांशी बोलणार, कोण कुठल्या वस्तीतून आलंय ते पुकारणार, लोक ओरडून उत्तर देणार, आणि त्याच ठेक्यावरून बँड पुढच्या गाण्यात शिरणार. आपल्याकडे मिरवणुकीत बँजोवाले गाणं बदलतात पण ताशा थांबत नाही, तसं.

ठेक्याचं मूळ विचाराल तर चक लहानपणच्या चर्चचं नाव घ्यायचा. सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियरच्या 'मिस्टर मॅजिक'मध्ये त्याला तोच ठेका सापडला आणि त्याने तो उचलला. ते गाणं आधी ऐका, मग चक लावा, नातं लगेच कळेल.

चकचं 'बस्टिन लूज' १९७९ मध्ये अमेरिकेच्या आर अँड बी यादीत पहिलं आलं, ते एकदा ऐकून घ्या. पण मुक्काम करायचा तो त्याच्या 'गो-गो स्विंग लाइव्ह' या अल्बमवर. त्यात ड्यूक एलिंग्टनची जुनी जॅझ चीज गो-गोच्या ठेक्यावर येते. एलिंग्टनही वॉशिंग्टनचाच, जन्म १८९९. एकाच शहराची दोन युगं एका ठेक्यावर येतात, मला ते दर वेळी थक्क करतं.

मृद्गंध७
'दा बट' कसं विसरलात! १९८८, ई.यू. बँड, स्पाइक लीच्या 'स्कूल डेझ' सिनेमातलं. मी तिथूनच सुरुवात केली होती.

उंबरठा
मृद्गंध, गाणं झकासच आहे. पण ते संगीतकार मार्कस मिलरने सिनेमासाठी बांधलेलं, स्टुडिओत चकचकीत केलेलं. ई.यू.चं लाइव्ह ऐका, त्यांचा गायक शुगर बेअरचा आवाज तिथे खरा मोकळा सुटतो. निळी सायकल यांना जे हवंय ते तिथे आहे.

काँगावाला_ठाणे
तबलावाले आहात म्हणून वेगळ्या बाजूने सांगतो. हेडफोन लावून आधी फक्त काँगा धरा, गायक विसरा. मात्रेचे चार तुकडे समान पडत नाहीत, लांब-आखूड झुलतात. डिस्को मिनिटाला साधारण १२० ठोक्यांचा, गो-गो त्याहून संथ, त्यामुळे दोन ठोक्यांच्या मधे जागा राहते. ड्रमर तिथे गर्दी करत नाही. ती जागा काँगा भरते, काउबेल (काठीने वाजवायची घंटा) तिला धरून ठेवते, आणि टिंबाली किंवा रोटोटॉम हे छोटे ड्रम अधूनमधून उसळी मारून जातात. तिथले वादक याला पॉकेट म्हणतात. पॉकेट बसलं की वीस मिनिटं एकच चाल कंटाळवाणी होत नाही. टाळी देत बसा, दुगुन करायचा मोह टाळा.

यासाठी ट्रबल फंक या बँडचं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीचं लाइव्ह लावा. मग जंकयार्ड बँड. बॅरी फार्मच्या सरकारी वस्तीतली ही पोरं, वाद्यं घ्यायला पैसे नव्हते तेव्हा बादल्या आणि डबे वाजवायची. त्यांचं 'सार्डिन्स' १९८६चं, निर्माता रिक रुबिन.

आणि सोल सर्चर्सचं १९७४चं 'अ‍ॅशलीज रोचक्लिप'. मधला ड्रमचा तुकडा ऐकताच म्हणाल, हा आधी ऐकलाय! रॅपवाल्या एरिक बी आणि राकिमच्या 'पेड इन फुल'पासून पॉप जोडी मिली व्हॅनिलीपर्यंत कितीतरी जणांनी तो वापरलाय.

निळी_सायकल
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री 'मिस्टर मॅजिक' आणि त्यावर लगेच चक ब्राऊन ऐकला. काँगाचं पटलं. पीए टेप म्हणून काहीतरी सारखं समोर येतंय, ते काय? आणि प्रत्यक्ष कुठे ऐकायला मिळेल?

उंबरठा
पीए टेप म्हणजे कार्यक्रमाच्या साउंड बोर्डवरून थेट उतरवलेली कॅसेट. गो-गो शहरात पसरलं ते रेडिओइतकंच या कॅसेटींवर, हातोहात. रेअर एसेन्स या बँडच्या टेप शोधा. आवाज थोडा चिरका असेल, पण अमुक वस्तीचे लोक आलेत ही हाळी आणि समोरच्या गर्दीचा ओ, दोन्ही त्यात शाबूत आहेत.

प्रत्यक्ष ऐकायचं तर वॉशिंग्टनच्या शॉ भागात सेव्हन्थ आणि फ्लोरिडा अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर जाऊन या. तिथलं फोनचं दुकान वर्षानुवर्षं बाहेर गो-गो लावायचं. २०१९ मध्ये आवाजाच्या तक्रारीवरून ते संगीत बंद केलं गेलं, तर लोक रस्त्यावर उतरले, बँड येऊन वाजवू लागले, 'डोन्ट म्यूट डीसी'ची हाक उठली आणि संगीत परत सुरू झालं. २०२० मध्ये गो-गोला शहराचं अधिकृत संगीत म्हणून मान्यता मिळाली. तो कोपरा मला फार मोलाचा वाटतो.

कार्यक्रमांच्या तारखा बँडच्या स्वतःच्या पानांवर मिळतात, रेअर एसेन्स आणि बॅकयार्ड बँडवर लक्ष ठेवा. आता बरेचसे कार्यक्रम शहराबाहेर तुमच्या मेरीलँडकडे, प्रिन्स जॉर्जेस काउंटीत होतात. कानात घालायचे बोळे न्या आणि काँगावाल्याच्या बाजूला उभे राहा.