सर्व्हरलेस ॲप: एकाच लीडला तीन मेल जातायत

मुलुंडची_भाची
नमस्कार. मामांचा मुलुंडला गच्ची वॉटरप्रूफिंगचा धंदा आहे. मे म्हणजे आमचा सीझन, पाऊस तोंडावर आला की सोसायट्यांच्या सेक्रेटरींना गच्ची आठवते. फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात चालते, लोक फॉर्म भरतात (असा एक भरलेला फॉर्म म्हणजे एक लीड). आधी मामा सीएसव्ही फाइल उतरवून मला पाठवायचे आणि मी ती मेलचिंप या मेल पाठवणाऱ्या सेवेवर चढवायचे. त्यात दोन दिवस जायचे, तोवर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे.

म्हणून मी (नोकरी टेस्टिंगमध्ये, पायथन कामापुरतं) एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनचा क्लाउड) मुंबई रीजनमध्ये एक लॅम्डा (स्वतःचा सर्व्हर न ठेवता, गरज लागेल तेव्हाच चालणारा कोड) उभा केला. पुढे एपीआय गेटवे (बाहेरून येणारे निरोप लॅम्डाकडे देणारं दार), डिप्लॉय सॅमने (कोड चढवायचं एडब्ल्यूएसचं साधन). मेटाचा (फेसबुकची कंपनी) वेबहुक, म्हणजे फॉर्म भरला की आपोआप येणारा निरोप, फक्त लीडचा आयडी देतो. तो घेऊन ग्राफ एपीआयकडून (मेटाकडून माहिती मागवायची सोय) नाव-नंबर आणायचं, मेलचिंपमध्ये टाकायचं, एसईएसवरून (एडब्ल्यूएसची मेल सेवा) "आम्ही फोन करतो" असा मेल, आणि शेवटी मामांच्या गूगल शीटमध्ये ओळ. पहिल्या दिवशी 3 सेकंदांचा डिफॉल्ट टाइमआउट (तेवढ्या वेळात काम झालं नाही तर लॅम्डा बंद पडतो) तसाच राहिला होता. तो 30 केल्यावर गाडी चालली.

आता काहींना तोच मेल दोनदा-तीनदा जातो. काल कुर्ल्याच्या एका सेक्रेटरींचा फोन आला, "गळती एकच आहे हो, मेल तीन कशाला?" मामा हसले, पण मग माझ्याकडे बघितलं. शीटमध्ये त्यांची ओळ एकच आहे. आणि तिथल्या आयडीचे शेवटचे आकडे लॉगशी जुळत नाहीत, हे आणखी एक कोडं. जाता जाता: सकाळी 9 ला लावलेला रिपोर्टचा मेल दुपारी अडीचला येतो.

लॉगखोर
मेल तीन आणि ओळ एक, यातच उत्तर आहे. शीट सगळ्यात शेवटी आहे. ती फसली की लॅम्डा एरर देतो, गेटवे मेटाला 502 (सर्व्हरकडे गडबड) सांगतो, मेटाला वाटतं निरोप पोचलाच नाही, म्हणून ती पुन्हा पाठवते. तुमचा कोड मग पहिल्यापासून सगळं करतो, मेलसकट. क्लाउडवॉचमध्ये (एडब्ल्यूएसचे लॉग) तो आयडी शोधा, तीन वेगवेगळ्या रिक्वेस्ट आयडींखाली (लॅम्डाच्या दर खेपेचा क्रमांक) सापडेल.

इलाज: डायनॅमोडीबीत (एडब्ल्यूएसचा डेटाबेस) एक टेबल करा, लीडचा आयडी आधीच असेल तर सरळ 200 (सगळं ठीक) देऊन बाहेर पडा.

अडीचचं कोडं सोपं आहे. इव्हेंटब्रिज रूलचा क्रॉन (एडब्ल्यूएसमध्ये ठरल्या वेळी काम सुरू करणारं वेळापत्रक) यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत चालतो, आपण साडेपाच तास पुढे. इव्हेंटब्रिज शेड्यूलर वापरा, त्यात एशिया/कोलकाता टाइमझोन देता येतो.

ठाणे_फास्ट
लॉगखोर, निदान बरोबर, पण औषधाने रोगी दगावेल. आयडी आधी नोंदवला आणि नंतर शीट फसली, तर पुढच्या खेपेला "झालंय" म्हणून लीड गायब. तीन मेल परवडले, हरवलेलं गिऱ्हाईक नाही.

ताई, दोन लॅम्डा करा. पहिल्याने मेटाची सही तपासायची (निरोप मेटाचाच आहे याची खूण; मूळ बॉडीवरच, म्हणजे आलेल्या मजकुरावरच, जेएसओएन उघडून पुन्हा बांधलं की सही जुळत नाही), निरोप एसक्यूएस या एडब्ल्यूएसच्या रांगेत टाकायचा आणि लगेच 200. दुसऱ्याने सावकाश काम करायचं आणि टेबलात पायरीगणिक खूण करायची: मेलचिंप झालं, मेल गेला, शीट झाली. पुन्हा आला तर राहिलेलीच पायरी. रांगेचा व्हिजिबिलिटी टाइमआउट (उचललेला निरोप बाकीच्यांपासून लपून राहतो तेवढा वेळ) लॅम्डाच्या टाइमआउटच्या सहापट ठेवा, नाहीतर तोच निरोप दुसरा कोणी उचलतो. डेड लेटर रांग (पुन्हा पुन्हा फसलेले निरोप जिथे जमतात) जोडाच, आणि तिच्यावर अलार्म लावा. अलार्म नसेल तर ती माळ्यावरची ट्रंक, कोणी उघडत नाही.

मेलचिंपला पुट (नोंद असेल तर बदल, नसेल तर नवी कर) वापरताय ना? त्यात `स्टेटस` ऐवजी `स्टेटस_इफ_न्यू` (फक्त नव्या नोंदीला लागू) द्या. नाहीतर अनसब्स्क्राइब केलेल्याला तुम्ही पुन्हा ओढून आणायला बघता.

पण मुळात शीट फसते का? तो कोड दाखवा.

मुलुंडची_भाची
दाखवायची लाज वाटते. रात्री लॉग बघितला, शीटकडून 429 (मर्यादेपेक्षा जास्त कॉल). जीस्प्रेडमध्ये (शीट हाताळणारी पायथन लायब्ररी) मी नऊ रकाने `अपडेट_सेल`ने एकेक करून भरत होते. म्हणजे एका लीडला नऊ कॉल. शीटची मर्यादा एका युजरला मिनिटाला 60, आणि माझं सर्व्हिस अकाउंट (माणसाऐवजी प्रोग्रामचं गूगल खातं) म्हणजे एकच युजर. रात्री जेवणानंतर मिनिटाला सात फॉर्म आले की 63 कॉल. मला वाटायचं, एवढ्याशा धंद्याला कसली मर्यादा लागणार!

गंमत पुढे. अर्धवट भरलेल्या ओळी शीटमध्ये पडतच होत्या. मामा रोज सकाळी चहा घेताना त्या पुसायचे, "लोक फॉर्म अर्धा सोडतात" म्हणून. मला सांगितलंच नाही.

लॉगखोर
मामांनी पुरावा नष्ट केला! `अपेंड_रो` वापरा, एका कॉलमध्ये पूर्ण ओळ. आयडीचं कोडंही त्यानेच सुटेल: `अपडेट_सेल` हाताने टाइप केल्यासारखं लिहितो, मग शीट त्याला संख्या समजते आणि 15 अंकांपुढचं शून्य करते. `अपेंड_रो` डिफॉल्टने रॉ, म्हणजे जसंच्या तसं लिहितो, मजकूर मजकूरच राहतो. आणि ठाण्याचं म्हणणं मान्य, पायरीगणिक खूणच बरोबर.

मुलुंडची_भाची
शनिवारी बसून दोन्ही केलं. मेटाच्या टेस्टिंग टूलवरून लीड पाठवली, मुद्दाम शीटची परवानगी काढून. मेल एकच आला. परवानगी परत दिल्यावर दोन-तीन मिनिटांत ओळही आली, आयडी शेवटच्या आकड्यापर्यंत बरोबर. मामांना शीटवर आता फक्त बघायचा हक्क दिलाय. त्यावरून घरात थोडं वाजलं.