टक्केवारी कमी म्हणून मोठ्या गाई काढायच्या का?

प्रश्न (कुरणकाठ):
मांसासाठी पाळलेल्या कळपात पूर्ण वाढीच्या गाई 480 ते 640 किलोंच्या आहेत. दूध तोडताना वासराचं वजन भागिले गाईचं वजन, असा हिशेब केला तर लहान गाई 47 टक्क्यांच्या आसपास आणि मोठ्या 38 ते 40 वर येतात. गाईनं स्वतःच्या निम्म्या वजनाचं वासरू द्यावं, हे माप धरून मोठ्या काढाव्यात का? तोडताना वासरं 180 ते 240 दिवसांची होती, गाईंचं वजनही त्याच दिवशी केलं.

वजनकाटा:
आधी सगळे आकडे एका पातळीवर आणा. 240 दिवसांचं वासरू 180 दिवसांच्यापेक्षा जड भरणारच, त्यात गाईचं कर्तृत्व नाही. तोडतानाच्या वजनातून जन्माचं वजन वजा करा, वयाच्या दिवसांनी भागा, 205 नं गुणा (तुलनेसाठी सगळी वासरं 205 दिवसांची धरायची) आणि जन्माचं वजन परत मिळवा. 35 किलोंचं जन्मलेलं वासरू 220 व्या दिवशी 230 किलो भरलं, तर ते 217 किलोंचं धरायचं.

मग आईचं वय. दोन वर्षांच्या पहिलारूच्या खोंडाला 27 किलो मिळवा, तीन वर्षांच्या गाईच्या खोंडाला 18, चार वर्षांच्या 9. कालवडींना प्रत्येकी थोडे कमी. आई पाच ते दहा वर्षांची असेल तर काहीच नाही. खोंड आणि कालवडी वेगवेगळ्या ताडून बघा.

खरी फसगत गाईच्या वजनात होते. गाय किती रोड किंवा लठ्ठ ते 1 (हाडकुळी) ते 9 (फार लठ्ठ) अशा शरीरस्थितीच्या गुणांत मोजतात. त्यातला एक गुण म्हणजे 550 किलोंच्या गाईत जवळपास 40 किलो. सगळ्या गाईंचं वजन 5 गुणांवर आणून मगच तुलना करा. शेवटच्या बरगड्या लांबूनच उठून दिसत असतील तर 5 देऊ नका. नाहीतर दूध पाजून अंगानं उतरलेली गाय कागदावर सर्वात चांगली दिसते, आणि नेमकी तीच पुढच्या वेताला भाकड राहण्याची भीती जास्त.

चाराहिशेब:
वरची दुरुस्ती हवीच, पण निम्म्याच्या मापातच गोम आहे. शरीर राखायला लागणारा चारा वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, वजनाच्या 0.75 घाताप्रमाणे वाढतो. 640 किलोंची गाय 480 च्या गाईपेक्षा 33 टक्के जड, पण चारा लागतो 24 टक्केच जास्त. 480 ची गाय 47 टक्क्यांनी 226 किलोंचं वासरू देते. 640 च्या गाईनं 280 चं दिलं तर चाऱ्याच्या हिशेबात दोघी बरोबरीत, आणि ते होतात 44 टक्के. म्हणजे मोठीकडून 47 मागणं अन्यायाचं.

तरीही तुमच्या मोठ्या गाई मागेच आहेत. 40 टक्क्यांनी हातात येतात 256 किलो, 24 कमी. 100 लहान गाई निभतात तेवढ्या चाऱ्यात 640 च्या 80 च बसतात. दुरुस्त आकड्यांतही हेच निघालं तर आकार कमी करायलाच हवा, मात्र गाभण, धडधाकट गाय केवळ वजनापायी काढू नका. वळूला दाखवलेल्या दर गाईमागे तोडलेलं वासराचं वजन बघा. गाभण न राहिलेली, वासरू गमावलेली गाय टक्केवारीत येतच नाही. इथे तिचं शून्य मोजलं जातं.

कुरणकाठ:
मग आकार कमी करायचा कुठून?

चाराहिशेब:
वळू आणि कालवडींतून. वर्षाच्या वयाला जड भरणाऱ्या वळूच्या मुलीही मोठेपणी जड होतात, म्हणून पुढच्या गाई ज्याच्यापासून घ्यायच्या तो वळू मध्यम बांध्याचा निवडा. तोडताना सर्वात जड दिसणारी कालवड बरेचदा फक्त वयानं मोठी असते. 205 दिवसांचं वजन काढलं की तिचा नंबर खाली येतो. विण्याच्या पहिल्या 21 दिवसांत जन्मलेल्या, मध्यम आईच्या कालवडी ठेवा.

कालवड पूर्ण वजनाच्या निदान 55 टक्के भरल्याशिवाय वळूला दाखवू नये. एकाच कुरणावर दोघी 330 किलो भरल्या, तर 480 होणारी 69 टक्क्यांवर, म्हणजे तयार. 640 होणारी 52 वरच, अजून कच्ची. ती माजावर उशिरा येते, उशिरा विते, आणि मग दुसऱ्या वेतालाही मागे पडते, कारण गाभणकाळ 283 दिवसांचा धरला तर वर्षाला एक वेत मिळायला व्यायल्यावर 82 दिवसांतच परत फळावं लागतं.