‘लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते’ : ही ओळ आईला समजून घ्यायला मदत करते की लेकीवर ओझं टाकते?

निळी शाई
बहिणाबाईंची ही ओळ माझ्या आईच्या तोंडी कायम. आमचं वाजलं की हमखास यायची, आणि मला टोमणाच वाटायचा (होताच तो!). परवा अख्खी कविता वाचली. एक योगी त्या सासुरवाशिणीला विचारतो, सदा माहेराचं गाणं ओठी, मग माहेर सोडून सासरी आलीस कशासाठी? त्यावरचं हे उत्तर आहे. आणि गंमत म्हणजे जिच्या माहेरासाठी ती नांदतेय ती लेक अजून जन्मलेलीसुद्धा नाही, ‘लेक येईन रे पोटी’ म्हणते ती. म्हणजे ही बाई आधी स्वतःच लेक आहे, माहेरासाठी जीव टाकणारी, आणि त्याच दमात आई व्हायचं बोलतेय. आपल्याला आई दिसते ती आपण जन्मल्यापासूनची, त्याच्या आधी ती कुणाची तरी हट्टी पोरगी होती हे माहीत असतं पण डोक्यात शिरत नाही. कवितेने ते शिरतं असं माझं मत. तुमचं?

कडू कारलं
सपशेल असहमत. ओळ सुंदर आहे म्हणूनच डेंजर आहे. बायका नांदल्या कारण हातात पैसा नव्हता, जायला जागा नव्हती, आणि नंतर त्याला हे गोड कारण चिकटवलं. आमच्याकडे ‘तुझ्यामुळे राहिले मी’ हे ऐकत मोठी झालेय, मी कधी सांगितलं होतं राहा म्हणून? तुमच्याच मुद्द्याने बघा, पोरगी जन्मायच्या आधीच तिच्या नावावर उधारी चढली.

निळी शाई
@कडू कारलं उधारीचा मुद्दा मान्य, पण सूर बघा ना. समोर संसार सोडून बसलेला माणूस आहे आणि ही त्यालाच ‘दे रे दे रे योग्या ध्यान, ऐक काय मी सांगते’ म्हणून गप्प बसवते. रडगाणं नाहीये ते. आणि संसारात ‘आधी हाताला चटके’ हेही याच बाईने सांगितलंय, भाबडी नव्हती ती.

समासातली
थोडी भर घालते. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, काम करता करता गाणी सुचायची, ती सोपानदेवांनी म्हणजे मुलाने उतरवून घेतली. त्या १९५१ साली गेल्या आणि पुस्तक आलं १९५२ मध्ये, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. म्हणजे आईचा आवाज मुलामुळे टिकला. मुलगीही होती त्यांना, पण तिला या ओळीबद्दल काय वाटलं असेल? मला कारलंताईंचं पटतंय ते इथे, ही एकाच बाजूची साक्ष आहे, लेकीने उत्तर दिलेलं नाही.

उगाच एक
कविता वाचून आई कळली म्हणणं म्हणजे जरा अतीच होतंय. समोर बसून बोला की सरळ.

निळी शाई
@उगाच एक बोललो की आमचं भांडण होतं, प्रॉब्लेम तोच आहे! कवितेबद्दल बोलताना दोघी एकमेकींकडे न बघता तिसरीकडे बघतो, त्यामुळे जमतं.

कडू कारलं
आईने स्वतःशी गुणगुणली तर माझी ना नाही हो. लेकीला ऐकवली की ती वसुली होते, एवढंच म्हणतेय.

समासातली
@निळी शाई आईला विचारलंत का, ही ओळ म्हणताना तिच्या मनात नक्की कोण असतं?

निळी शाई
विचारलं काल. म्हणाली, माझी आई, तुझा काय संबंध!

कडू कारलं
😂 काकू भारी आहेत. माझा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही.